अलास्काची जहाजसफर : हिमनदीपेक्षा जहाजच जास्त पाहिले

केवडा

सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत येणारी अलास्काची सात रात्रींची जहाजसफर आम्ही या उन्हाळ्यात केली. आम्ही दोघे, शाळकरी मुलगी आणि पुण्याहून आलेले माझे आई-बाबा. जहाज स्वच्छ होते, कर्मचारी अगत्याने वागत होते, खोली जाहिरातीत दाखवली होती तशीच निघाली. तरीही घरी परतल्यावर प्रत्येकाच्या बोलण्यात ‘अलास्का पाहायचे राहूनच गेले’ असा सूर होता. ही निराशा नेमकी कशामुळे झाली हे मांडावे आणि जाणकारांकडून त्यामागची कारणे समजून घ्यावीत, म्हणून हा धागा काढला आहे.

पहिला पूर्ण दिवस समुद्रातच गेला. जाहिरातींतल्या छायाचित्रांत दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर आणि मधल्या आरशासारख्या पाण्यावर जहाज दिसते. आमच्या वाट्याला मात्र उघडा समुद्र आणि सतत डोलणारे जहाज आले. आईने तो दिवस आडवे पडून, आलेपाकाच्या वड्या चघळत काढला.

ज्युनोला आम्ही दुपारी पोचलो. त्या दिवशी तिथे आणखीही मोठी जहाजे लागलेली होती, आणि सुमारे ३२ हजार वस्तीच्या त्या गावात सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी, म्हणजे मेंडनहॉल हिमनदीकडे निघाले होते. बसच्या रांगेत इतका वेळ गेला, की नगेट धबधब्यापर्यंतची सोपी, सपाट पायवाट आई-बाबांना सहज जमण्याजोगी असूनही परतीची बस चुकेल या धास्तीने आम्ही ती अर्ध्यावर सोडली. स्कॅगवेचा दिवस मात्र उत्तम गेला. व्हाइट पासची अरुंद रुळांची आगगाडी सुमारे वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेल्या माणसांसाठी १८९८ ते १९०० या काळात तो मार्ग कसा खोदला असेल, यावर बाबा अजूनही बोलत असतात.

ही सफर आम्ही ज्या दिवसासाठी निवडली होती, तो दिवस एन्डिकॉट आर्म या चिंचोळ्या खाडीतून डॉज हिमनदीसमोर जाण्याचा होता. सकाळी धुके होते आणि पाण्यात बर्फाचे तुकडे वाहत होते. हिमनदी नजरेच्या टप्प्यात येण्यापूर्वीच कप्तानाने जहाज वळवत असल्याचे जाहीर केले. त्याचा निर्णय योग्यच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या घोषणेला अर्धा तास होतो न होतो तोच ध्वनिक्षेपकावरून बिंगो, चित्रांचा लिलाव आणि घड्याळांवरील सवलत यांच्या घोषणा सुरू झाल्या, हे मनाला लागले. त्यानंतर केचिकनला सकाळी सात ते दुपारी एक एवढाच मुक्काम होता, आणि व्हिक्टोरियाला जहाज रात्री आठला लागून साडेअकराला सुटले. तिथली प्रसिद्ध बुचार्ट उद्याने पाहण्याचे आईच्या फार मनात होते. आम्ही दिव्यांनी उजळलेली विधानसभेची इमारत पाहून परतलो.

शेवटच्या दिवशी हातात पडलेल्या बिलात दरमाणशी दररोजचे सेवाशुल्क, इंटरनेट आणि छायाचित्रे धरून तिकिटाच्या जवळजवळ निम्म्याइतकी रक्कम वर चढली होती. हिमनदीचा कार्यक्रम रद्द झाल्याबद्दल कंपनीने काहीही देणे लागत नसल्याचे कळवले आहे. असे खरोखरच असते का? आणि अलास्का याहून बरा पाहण्याचा मार्ग कोणता?

सोलकढी

मी व्हँकुव्हरला राहतो, त्यामुळे ही जहाजे येता-जाता दिसतात. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी दोन मोठ्या गोष्टी जहाज कुठून सुटते यावरच ठरून गेलेल्या असतात, आणि हे तिकीट विकणारा सहसा सांगत नाही.

सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजे हुआन डी फुका सामुद्रधुनीतून बाहेर पडतात आणि व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून उत्तरेला जातात. सात रात्रींत सिअ‍ॅटलला परत यायचे तर वेग राखावा लागतो आणि हाच मार्ग सोयीचा पडतो. छायाचित्रांतला बेटांच्या आडोशाचा मार्ग, ज्याला इनसाइड पॅसेज म्हणतात, तो व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या जहाजांना पहिल्याच संध्याकाळपासून मिळतो. या मार्गावर सेमोर नॅरोज नावाची चिंचोळी जागा आहे. तिथे भरती-ओहोटीचा ओढा इतका जबर असतो, की मोठी जहाजे पाणी स्थिरावण्याची वेळ साधून ती पार करतात. तिथल्या पाण्याखालच्या एका खडकाने इतकी जहाजे फोडली होती, की शेवटी १९५८ मध्ये तो खडकच सुरुंगाने उडवून देण्यात आला. (विषयांतर झाले, पण व्हँकुव्हरहून जाणार असाल तर त्या वेळी डेकवर अवश्य उभे राहा.)

दुसरी गोष्ट व्हिक्टोरियाची. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी ध्वजाखालील जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत. निघाल्या बंदरी परत यायचे असले तरी वाटेत निदान एका परदेशी बंदराला लागावेच लागते. मोठी पर्यटन-जहाजे इटली, फिनलंड, जर्मनी, फ्रान्स अशा देशांत बांधली जातात आणि बहामा, पनामा, बर्म्युडा इथे नोंदवली जातात, त्यामुळे जवळजवळ सगळीच या कायद्यात सापडतात. व्हिक्टोरियाचा मुक्काम अनेकदा या अटीच्या पूर्ततेपुरता ठेवलेला असतो, म्हणूनच तो वेळापत्रकात सर्वांत शेवटी आणि रात्री येतो. २०२१ मध्ये कॅनडाने साथीमुळे आपली बंदरे या जहाजांना बंद केली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसला तात्पुरती सूट देणारा वेगळा कायदा करावा लागला होता. त्याशिवाय अलास्काचा तो हंगाम उभाच राहिला नसता.

केवडा

सोलकढी, मनापासून आभार. हे वाचून घरात सगळे आधी हसले आणि मग जरा गप्प झाले. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि मुलगी इथली नागरिक आहे, त्यामुळे आम्हाला कॅनडाचा व्हिसा लागला नाही. आई-बाबांना मात्र तो काढावा लागला. अर्ज, शुल्क, बोटांचे ठसे, पासपोर्ट पाठवणे आणि तो परत येईपर्यंतची काळजी हे सारे त्यांनी त्या साडेतीन तासांच्या मुक्कामासाठी केले होते.

तळटीप

परताव्याविषयी लिहितो. मी अमेरिकेत वकिली करीत नाही, पण करारांच्या भाषेशी माझा रोजचा संबंध आहे, तेव्हा हे सल्ला म्हणून न घेता माहिती म्हणून घ्यावे.

तिकीट घेताना आपण ज्या चौकटीवर टिचकी मारून ‘मान्य’ म्हणतो, तो प्रवासाचा करार असतो आणि त्यात जवळजवळ सर्व कंपन्या एकच गोष्ट लिहितात : हवामान, सुरक्षितता किंवा अन्य कारणाने कोणतेही बंदर वगळण्याचा, बदलण्याचा वा तिथला मुक्काम कमी करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. बंदर वगळले गेले तर त्या बंदराचे कर आणि शुल्क परत करण्याची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत हिमनदी हे बंदरच नव्हते, तो ‘निसर्गदर्शनाचा जलप्रवास’ होता, त्यामुळे परत करण्याजोगे शुल्कही बहुधा नसेल. कंपनीचे उत्तर रुक्ष वाटले तरी कराराला धरून आहे.

दावा लावायचा म्हटले तर तो कुठे लावायचा, हेही त्याच करारात लिहिलेले असते. याविषयीचा सर्वांत प्रसिद्ध खटला तुमच्याच वॉशिंग्टन राज्यातल्या एका दांपत्याचा आहे. लॉस एंजेलिसहून मेक्सिकोला जाणाऱ्या जहाजावर पत्नी घसरून पडली आणि त्यांनी घराजवळच्या न्यायालयात कार्निव्हल क्रूझ लाइन्सविरुद्ध दावा लावला. तिकिटावर मात्र ‘सर्व वाद फ्लोरिडात’ असे छापलेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ मध्ये न्यायालयाने ते छापील कलम वैध ठरवले. प्रवाशाने ते कलम घासाघीस करून स्वीकारलेले नसते, हा मुद्दा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. इजेच्या दाव्यांसाठीही कंपनीला सहा महिन्यांत लेखी कळवणे आणि वर्षाच्या आत दावा लावणे अशा मुदती बहुतेक करारांत असतात.

तेव्हा पैशांच्या परताव्यापेक्षा सदिच्छा म्हणून काही मिळते का ते पाहावे. रद्द झालेल्या दिवसाची तारीख, कप्तानाची घोषणा आणि त्या दिवसाचे छापील दैनंदिन पत्रक जोडून सौम्य शब्दांत पत्र लिहिल्यास पुढच्या सफरीसाठी सवलत देण्याकडे कंपन्यांचा कल असतो. आणखी एक गोष्ट सर्वांसाठी : भारतातून आलेल्या पालकांचा आरोग्यविमा जहाजावरच्या दवाखान्यात, अमेरिकी हद्दीबाहेर लागू पडतो की नाही, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. तिथला डॉक्टर फुकट नसतो, आणि हेलिकॉप्टरने रुग्णाला किनाऱ्यावर नेण्याचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलण्यापलीकडचा असतो.

रविवारची_झोप

मला हा सूर थोडा अन्यायाचा वाटतो. आम्हीही सिअ‍ॅटलहूनच गेलो होतो आणि आमचे सासूबाई-सासरे अत्यंत खूश होते. वयस्क मंडळींना रोज सामान बांधावे-सोडावे लागत नाही, चाकांची खुर्ची मिळते, दारात लिफ्ट असते, जेवणाची चिंता नसते, आणि सिअ‍ॅटलमध्येच राहणाऱ्यांचा विमानप्रवासही वाचतो. पाऊस आणि धुके हे त्या प्रदेशाचे रोजचेच हवामान आहे. केचिकनला वर्षाला साधारण ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाच्या तोडीचा, आणि तिथे तो बाराही महिने पडतो. जायचेच तर मे-जूनमध्ये जावे, ऑगस्टनंतर पावसाचे प्रमाण वाढत जाते. एक हिमनदी हुकली म्हणून सगळी सफर वाया गेली असे म्हणणे मला पटत नाही.

केवडा

‘सगळी वाया गेली’ असे मी म्हटलेले नाही, स्कॅगवेचा दिवस तर मी मुद्दाम लिहिला आहे. सामान, लिफ्ट आणि जेवण यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. माझा आक्षेप इतकाच, की या सोयी कोणत्याही समुद्रात मिळतात. अलास्काच्या नावाने जो जास्तीचा दर घेतला जातो, तो किनाऱ्यावरच्या तासांसाठी आणि हिमनदीसाठी असतो, आणि नेमक्या त्याच गोष्टींची कंपनी हमी देत नाही. शिवाय दुपारी एकला केचिकन सोडण्याचा पावसाशी काय संबंध?

बल्लव

मी वेंगुर्ल्याचा. बरीच वर्षे अशाच जहाजांच्या भटारखान्यात काम करतो आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही. आतल्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

केचिकन दुपारी सोडावे लागते, कारण पुढच्या रात्री व्हिक्टोरिया गाठायचे असते आणि मध्ये लांबचा पल्ला असतो. म्हणजे वर सांगितलेल्या कायद्याची वसुली केचिकनच्या तासांतून होते. दुसरे असे, की जहाज बंदरात असताना कॅसिनो आणि करमुक्त दुकाने सहसा बंद ठेवावी लागतात. समुद्रातला दिवस हा प्रवाशाला रिकामा वाटतो, पण कंपनीच्या कमाईचा तोच दिवस असतो. खाडीतून जहाज वळले की बिंगो पुढे ओढला जातो, हे मीही पाहिले आहे. त्या दिवशीचे वेळापत्रक मोकळे झाल्यावर हजारो माणसांना कुठेतरी गुंतवायचे असते, आणि ते काम मनोरंजन विभागाकडे येते. ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्या पोरालाही ते काही फारसे आवडत नसते.

कप्तानाच्या बाबतीत केवडाताईंनी योग्य लिहिले आहे. आग्नेय अलास्काच्या पाण्यात परदेशी जहाजाला स्थानिक पायलट, म्हणजे त्या पाण्याचा माहितगार वाटाड्या, घ्यावाच लागतो आणि बर्फ पाहून आत जायचे की नाही हे कप्तान त्याच्याशी बोलूनच ठरवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये डोंगराचा कडा कोसळून प्रचंड लाट उठली होती. त्यानंतर अनेक कंपन्यांनी ती खाडी सोडून एन्डिकॉट आर्म धरली. तेव्हा तिथे कोणी उगाच धाडस करणार नाही.

सेवाशुल्काबद्दल : दरमाणशी दररोज साधारण सोळा ते वीस डॉलर घेतात. ते कमी करून घेता येते, पण त्यातला वाटा खोली साफ करणाऱ्यांना आणि वाढप्यांना जातो, म्हणून कृपया ते तोडू नका. आमच्यासाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती ठरवून दिली आहे. म्हणजे उरलेले तास काम करून घेता येते, हे लक्षात घ्या. महिनोन्‌महिने सुट्टीचा वार नसतो.

शाकाहारी मंडळींनी बुफेवर विसंबू नये. मुख्य भोजनगृहात पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला सांगून ठेवले, तर दुसऱ्या दिवसापासून वरण, भात, भाजी वेगळी करून मिळते. जैन जेवणही मिळते, पण ते तिकीट काढताना नोंदवावे. स्वच्छतेची काळजी असणाऱ्यांनी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे जहाज-तपासणीचे गुण पाहावेत. हा कार्यक्रम १९७५ पासून चालतो, शंभरपैकी ८६ गुणांना उत्तीर्ण धरतात आणि अहवाल सर्वांना खुले असतात. आणि हाताला नुसते जंतुनाशक चोळू नका. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही, साबणानेच हात धुवावे लागतात.

केवडा

बल्लव, हे सगळे इतक्या मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. आमच्या टेबलाचा वाढपी मडगावचा होता आणि त्याने पहिल्या रात्रीच बाबांना कोकणीत विचारून साधे वरण आणून दिले होते. ते मूळ लेखात यायला हवे होते.

पायी_पायी

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बऱ्या मार्गाचे, उत्तर कोणीच दिलेले नाही, म्हणून लिहितो.

जहाजानेच जायचे आणि हिमनदी हीच मुख्य इच्छा असेल, तर ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जाणारी सफर निवडावी. तिथे उद्यानाच्या परवानगीने दिवसाला दोनच मोठी जहाजे आत सोडतात, उद्यानाचे रेंजर स्वतः जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. जमिनीवर उतरता येत नाही, पण मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबवतात. १७९४ मध्ये कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांना त्या उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत आडवी आलेली दिसली होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर तिथे गेला तेव्हा तीच भिंत कितीतरी मैल मागे सरकलेली होती. हे समोर बर्फ दिसत असताना ऐकण्यात वेगळेच काही आहे. परवाने मोजक्या कंपन्यांकडेच असल्यामुळे तिकीट महाग पडते आणि लवकर संपते. पण तिथेही धुके पडू शकते, हे विसरू नये.

याहून वेगळा पर्याय अलास्का राज्य सरकारच्या फेरीबोटीचा आहे. अलास्का मरीन हायवे नावाची ही सेवा १९६३ पासून चालू आहे, आणि सिअ‍ॅटलच्या उत्तरेला असलेल्या बेलिंगहॅमहून निघून केचिकन, रँगल, पीटर्सबर्ग, ज्युनो, हेन्स, स्कॅगवे अशा गावांना जाते. केचिकनला पोचायला सुमारे दीड दिवस लागतो आणि तो सगळा मार्ग इनसाइड पॅसेजमधून जातो. नौका अमेरिकेत बांधलेली आणि अमेरिकी ध्वजाची असल्यामुळे १८८६ च्या कायद्याची अट तिला लागत नाही, म्हणून ती कॅनडात कुठेही न थांबता जाते आणि आई-बाबांच्या व्हिसाचा प्रश्नच उरत नाही. त्यावर ना बिंगो ना लिलाव. साधे उपाहारगृह, मोजक्या खोल्या आणि डेकवर चिकटपट्टीने तंबू ठोकून झोपणारी तरुण मंडळी असा सगळा मामला असतो. आपली मोटारही नेता येते.

तोटेही आहेत. फेऱ्या विरळ आहेत, वेळापत्रक जहाजाच्या उपलब्धतेनुसार बदलते, मधल्या गावी उतरायचे तर हॉटेलची सोय स्वतः करावी लागते, आणि शाकाहारी खाणे म्हणाल तर दशम्या-चटणी घेऊनच निघावे. ज्यांना चालायला फारसा त्रास नाही आणि आठवड्याऐवजी दहा-बारा दिवस देता येतात त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. ज्युनोहून छोट्या बोटी हिमनदीच्या खाड्यांत दिवसभरासाठी नेतात, आणि त्या मोठ्या जहाजापेक्षा बर्फात बऱ्याच आत शिरू शकतात.

सोलकढी

फेरीला दुजोरा. खोली हवी असेल तर उन्हाळ्याचे वेळापत्रक जाहीर होताच आरक्षण करावे. ज्युनोच्या गर्दीबद्दल भर घालतो : गावकऱ्यांनीच आवाज उठवल्यावर नगरपालिकेने कंपन्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली, आणि २०२६ पासून प्रवाशांच्या खाटांवरही मर्यादा आणली, ती रोज १६ हजार आणि शनिवारी १२ हजार अशी आहे. म्हणजे मर्यादा पाळूनही गावाच्या निम्मी वस्ती एका दिवसात उतरू शकते. कोणत्या तारखेला कोणत्या बंदरात किती जहाजे आहेत याची वेळापत्रके आधीच प्रसिद्ध झालेली असतात, ती पाहूनच तारीख ठरवावी.

रविवारची_झोप

फेरीवर तंबू ठोकून सासूबाई झोपल्याचे चित्र डोळ्यांपुढे आले आणि मी पुन्हा जहाजाकडेच वळले. मात्र बंदरातले तास पाहून तिकीट काढायचे, हे मान्य.

केवडा

ताजी बातमी. तळटीप यांनी सुचवल्याप्रमाणे दैनंदिन पत्रकाची प्रत जोडून पत्र पाठवले होते. कंपनीने चूक मान्य केलेली नाही, परंतु ‘सदिच्छा’ म्हणून प्रत्येक प्रवाशाच्या नावे पुढील सफरीसाठी थोडी रक्कम जमा केली आहे. ती वर्षाच्या आत वापरायची आहे आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आई-बाबा पुढच्या वर्षी इकडे येण्याची शक्यता नाही, त्यामुळे त्यांची रक्कम आमच्या नावे वळती करावी किंवा मुदत वाढवावी असे पुन्हा लिहून विचारले आहे. उत्तर आले की इथे कळवीन. दरम्यान, बेलिंगहॅमच्या फेरीत पाच जणांनी दोन खोल्या घ्याव्यात की चार खाटांची एक खोली आणि एक वेगळी, हे पायी_पायी यांनी सवडीने सांगावे.